तुरुंगात व्हेप : कैद्यांना द्यावा की नाही?

अनघा_यॉर्कशायर | शनिवार, दुपारी १:२०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय आणि विषय जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची मिरजेची. गेली ९ वर्षं इंग्लंडमधल्या एका पुरुषांच्या तुरुंगात नर्स आहे. कुठल्या ते विचारू नका, नोकरी टिकवायची आहे. मी लागले तेव्हा आत सिगारेटी चालत होत्या. बाहेर २००७ पासूनच इमारतींत धूम्रपानबंदी होती, पण कोठडी म्हणजे कैद्याचं घर, म्हणून तिला सूट. सकाळी विंगवर पाऊल टाकलं की तिन्ही मजल्यांवर निळसर धूर लोंबत असायचा. घरी आले की नवरा दारातच सांगायचा, आधी केस धू, मग चहा.

मग टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि २०१८ पर्यंत इंग्लंड-वेल्समधल्या सगळ्या बंदिस्त तुरुंगांतून सिगारेट गेली. तिच्या जागी कॅन्टीनच्या (म्हणजे तुरुंगातल्या दुकानाच्या) यादीत व्हेप आला, म्हणजे ई-सिगारेट, धुराऐवजी निकोटीनची वाफ. कोठडीत ओढायला परवानगी, बाहेरच्या गॅलरीत नाही (म्हणजे कागदावर नाही). आता विंगवर पुदिना आणि स्ट्रॉबेरीचा वास असतो. आत कुणी गोळ्यांचा कारखाना काढलाय की काय असं वाटावं!

धागा काढायचं कारण दोन गोष्टी. एक, परवा सांगलीच्या मामेभावाशी बोलत होते. तो म्हणाला, "अगं, इथे जी वस्तू साठवली म्हणून आत टाकतील, ती तुम्ही आत बसवून विकता होय?" मला उत्तरच सुचेना.

दुसरी गोष्ट, माझ्याकडे तंबाखू सोडण्याच्या क्लिनिकला एक गृहस्थ येतात. ६३ वर्षांचे, लांबची शिक्षा. सिगारेट बंद झाल्यावर व्हेपवर आले, आता तोही कमी करतायत, आठवड्याला चार कॅप्सूलवरून (व्हेपमध्ये बसवायच्या निकोटीनच्या द्रवाच्या) एकीवर. गेल्या आठवड्यात मला म्हणाले, "सिस्टर, हीसुद्धा सोडतो. पण मग हातांचं काय करू?"

तर मंडळी, द्यावा का तुरुंगात व्हेप? मी देण्याच्या बाजूची आहे, पण बाजू पक्की नाही.

उगाच_एक | शनिवार, दुपारी १:२६

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसतो. पुदिना फ्लेवरचे.

सातारी_तडका | शनिवार, दुपारी २:०५

तुरुंग आहे की सासुरवाडी? जावईबापू, स्ट्रॉबेरी घेता की पुदिना?

माफ करा ताई, तुमच्या नोकरीबद्दल आदर आहे. पण शिक्षा म्हणजे काहीतरी सोडावं लागलं पाहिजे ना? बाहेर कष्ट करणाऱ्या माणसाने दिवसाला किती ओढायच्या याचा हिशोब घालायचा आणि आतल्याला सरकार स्वतः पुरवणार, तेही करदात्याच्या पैशातून. पटत नाही.

अनघा_यॉर्कशायर | शनिवार, दुपारी २:४०

@सातारी_तडका, सरकार फुकट देत नाही हो, विकतं. आत काम केलं की मोबदला मिळतो. त्याचा किमान दर कित्येक वर्षं आठवड्याला ४ पौंड आहे. तासाला नव्हे, आठवड्याला. ज्याला बाहेरून कुणी पैसे पाठवत नाही त्याला त्यातच साबण, नूडल्स, घरचा फोन आणि व्हेप बसवायचा. जावयाचे एवढे हाल माझ्या माहेरी तरी कुणी करत नाहीत :)

आणि सोडावं लागलं पाहिजे हे मान्य. सोडतातच की. रात्री दार बाहेरून बंद होतं.

हेमंत_ग्लासगो | शनिवार, संध्याकाळी ५:१५

अनघाताई, छान विषय. मी बार्लिनी तुरुंगापासून दोन बस-थांबे दूर राहतो, सुदैवाने भिंतीच्या या बाजूला.

स्कॉटलंडमध्ये टप्पे वगैरे नव्हते. ३० नोव्हेंबर २०१८ ला सगळ्या तुरुंगांत एकाच दिवशी बंदी. त्याआधी सत्तर टक्क्यांच्या आसपास कैदी ओढणारे होते, त्यामुळे दंगल होणार असंच सगळे धरून चालले होते. झाली नाही. आधीच व्हेपचे संच वाटले होते, हे एक मोठं कारण. इथल्या संशोधकांनी तुरुंगांतली हवा बंदीच्या आधी आणि नंतर मोजली. पीएम २.५, म्हणजे धुरातले बारीक कण, पहिल्याच आठवड्यात साधारण ८० टक्क्यांनी उतरले. नोकरीला लागल्यापासून सिगारेट न ओढता ओढत असलेल्या पहारेकऱ्यांच्या फुप्फुसांचा तो हिशोब आहे. व्हेप कैद्याला दिला हे खरं, पण हवा मिळाली पहारेकऱ्याला.

उलटं उदाहरण आयल ऑफ मॅनचं. त्या बेटावरच्या तुरुंगात २००८ पासून सिगारेट बंद होती, व्हेपही नव्हता. लोकांनी काय ओढावं? चहाची पत्ती, केळीच्या वाळवलेल्या साली, आणि सिगारेट सोडायला अंगावर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या कागदात गुंडाळून. शेवटी त्यांनी ई-सिगारेट देऊन पाहिली, तेव्हा शिस्तभंगाच्या नोंदी कमी झाल्या.

उगाच_एक | शनिवार, संध्याकाळी ५:२१

केळीची साल!! आमच्याकडे सालीवरून माणसं घसरतात, तिकडे साल माणसावरून.

प्राची_७ | शनिवार, संध्याकाळी ५:५०

"सिगारेट न ओढता ओढत असलेल्या" हे वाक्य दोनदा वाचलं तेव्हा कळलं. हेमंतराव :D

मेलबर्नची_मावशी | रविवार, पहाटे ४:१० (आमची सकाळ झालीये)

हेमंत, "दंगल झाली नाही" हे तुमच्याकडे. आमच्याकडे झाली. व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै २०१५ पासून तुरुंगात धूम्रपान बंद होणार होतं. आदल्या दिवशी, ३० जूनला, मेलबर्नच्या पश्चिमेला रेव्हनहॉलच्या रिमांड सेंटरमध्ये भडका उडाला. तो कच्च्या कैद्यांचा तुरुंग, खटले चालू असलेले. दिवसभर टीव्हीवर तेच होतं. माझा धाकटा तेव्हा तिसरीत, त्याने विचारलं, "आई, ते दादा शाळा बंद पाडतायत का?"

इथे तेव्हा व्हेप दिले नव्हते, पट्ट्या दिल्या. मग पट्ट्या चहात भिजवून ती पत्ती वाळवायची आणि ओढायची. त्याला नावही पडलं, ‘टीबॅको’. टी अधिक टोबॅको. म्हणजे औषध दिलं तेही धुरातच गेलं.

वकील_वऱ्हाडी | रविवार, सकाळी ९:३०

अनघाताई, तुमच्या मामेभावाचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे बरं का.

आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात बंद. पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा केला तर ६ महिन्यांपर्यंत किंवा ५० हजारांपर्यंत. गंमत अशी की नुसतं ओढणं हा त्यात गुन्हा म्हणून लिहिलेला नाही. म्हणजे तुमची योजना आमच्याकडे आणली तर ओढणारा कैदी सुटेल आणि विकणारा अधीक्षक आत जाईल.

आता तुमच्या इंग्लंडचं. तिथे धूम्रपान न करणाऱ्या एका कैद्याने दावा केला होता की बंदीचा कायदा तुरुंगालाही लागू करा. २०१७ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा कायदा राजसत्तेला बांधत नाही, म्हणून सरकारी तुरुंगालाही नाही. सरकारने स्वतःहून बंदी आणली, कायद्याने भाग पाडलं म्हणून नव्हे. अमेरिकेत १९९३ साली उलट घडलं. नेवाडातल्या कैद्याच्या खोलीतला सोबती दिवसाला पाच पाकिटं ओढायचा. न्यायालय म्हणालं, दुसऱ्याच्या धुरात जबरदस्तीने ठेवणं हीसुद्धा क्रूर शिक्षा ठरू शकते.

आपल्याकडचा मोठा निकाल म्हणजे २००१ चा, मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवरचा. त्यातून सार्वजनिक जागी धूम्रपानाला आळा बसला. पण त्या यादीत दवाखाने होते, शाळा होत्या, आगगाड्या होत्या. तुरुंगाची आठवण कोणाला येते, बावा?

डेट्रॉइटचा_दाजी | रविवार, सकाळी १०:०५

आमच्याकडची आणखी एक गंमत. केंटकीसारख्या राज्यांत काही काउंटी जेलांनी दहा-बारा वर्षांपूर्वीच कैद्यांना ई-सिगारेट विकायला सुरुवात केली. मऊ प्लास्टिकच्या, म्हणजे मोडून हत्यार करता येऊ नये. विक्रीचे पैसे जेलच्या खर्चाला.

माझा आक्षेप सातारीभाऊंसारखा नाही. कैद्याला सुख मिळतं याचं मला काही नाही. पण जेलरच्या बजेटचा खड्डा कैद्याच्या व्यसनाने भरायला लागला की जेलर कैद्याला सोडायला सांगेल का? किराणावाला उधारीवाल्याला म्हणतो का, "बाबा, साखर कमी खा"?

अनघा_यॉर्कशायर | रविवार, दुपारी १२:१०

@दाजी, हा मुद्दा बोचला. आमच्याकडे सोडवण्याचं क्लिनिक चालवणारी मी आणि विकणारं कॅन्टीन, दोघं एकाच दारातून आत जातो.

उधारीचं म्हणाल तर आत तिचा स्वतंत्र धंदा आहे, त्याला ‘डबल बबल’ म्हणतात. आज एक कॅप्सूल उसनी घेतली तर कॅन्टीनच्या दिवशी दोन परत. पूर्वी हे सिगारेटच्या तंबाखूवर चालायचं, आता कॅप्सुलांवर. नाणं बदललं, सावकार तेच. डोळा सुजलेला माणूस येतो, "जिन्यावरून पडलो" म्हणतो, मी तसं लिहून घेते. तळमजल्यावर राहतो तो.

आणि एक गोष्ट मी स्वतःहून सांगते, नाहीतर माझी बाजू खोटी पडेल. स्पाइस नावाचा रासायनिक गांजा आहे. पूर्वी तो पत्रांच्या कागदात भिजवून यायचा, म्हणून कित्येक तुरुंग आता कैद्याला मूळ पत्र न देता त्याची झेरॉक्स देतात. तोच आता व्हेपमध्येही घालून ओढतात. दोन माणसं गॅलरीत पुतळ्यासारखी वाकून उभी असतात, डोळे उघडे, हाक ऐकू येत नाही. व्हेपचा चार्जर चोरून आणलेल्या मोबाइललाही चालतो, तो वेगळा ताप.

वकील_वऱ्हाडी | रविवार, दुपारी १२:३२

डबल बबल म्हणजे आमची दामदुपट की! हिंदू कायद्यात नियमच होता, एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी तो पाळला. तुमचे सावकार धर्मशास्त्राच्या बरोब्बर हद्दीत आहेत.

अनघा_यॉर्कशायर | रविवार, दुपारी १२:३६

नाहीत हो. त्या दिवशी दिलं नाही तर पुढच्या आठवड्यात दोनाचे चार होतात.

वकील_वऱ्हाडी | रविवार, दुपारी १२:३८

मग अपील मंजूर.

निवृत्त_नाना | रविवार, रात्री ९:५०

मी फार लिहीत नाही, वाचतो. पण हा विषय माझ्या घरचा आहे. तुरुंग खात्यात ३१ वर्षं काढली, शिपाई म्हणून लागलो, सुभेदार म्हणून सुटलो. तुरुंगाचं नाव नको.

व्हेप मी पाहिलेला नाही. नातवाने मोबाइलवर चित्र दाखवलं, मला वाटलं पेनड्राइव्ह आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे तो चार्ज करणार कुठे? अनघाताईंच्या कोठडीत दोन माणसं, किटली, टीव्ही, प्लग. मी नोकरी केली तिथे एका बरॅकीत सत्तर-ऐंशी माणसं, दिव्याचं बटण बाहेर, टीव्हीपुरता एक पॉइंट, तोही हात पोचणार नाही इतका वर. बरॅकीत प्लग दिला तर रात्रीत त्याला काय काय लागलेलं असेल याची कल्पना केलेली बरी.

दुसरं म्हणजे आत विडी ही विडी नसते, नोट असते. कपडे धुऊन घ्यायला विडी, पंख्याखालची जागा मिळवायला विडी, अर्ज लिहून घ्यायला विडी. न ओढणारासुद्धा बंडल बाळगायचा. काड्या कमी म्हणून ब्लेडने एका काडीच्या उभ्या चार करायचे, आणि चारही पेटायच्या. अशी कारागिरी मी बाहेर कुठे बघितली नाही. झडतीत पुड्या कुठे सापडल्या ते सगळं लिहीत नाही, बायकामाणसं वाचतात. चपलेचा तळ, भाकरीचा पापुद्रा, एवढं सांगतो.

बंदी कडक केली की भाव चढतो. भाव चढला की माल आणायला भिंतीवरून चेंडू येतोच असं नाही, कधी कधी गेटमधून खाकी कपड्यातही येतो. हे मी माझ्याच लोकांबद्दल लिहितोय, म्हणून जपून लिहितोय.

आणि एक. पंचवीस वर्षं होऊन गेली. नवीन कच्चा कैदी आला, बावीस-तेविशीचा पोरगा, मारामारीचा गुन्हा. पहिली रात्र. बरॅक बंद झाली आणि हा भिंतीवर डोकं आपटायला लागला. आरडाओरडा नाही, नुसता ठक ठक आवाज. दवाखान्याचा माणूस सकाळशिवाय येणार नव्हता. मी गजाजवळ गेलो, विचारलं, काय पाहिजे? म्हणाला, "साहेब, तंबाखू." माझ्या खिशात माझी चंची होती. चिमूटभर तंबाखू, चुना लावून मळली आणि गजातून दिली. नियमात बसत नव्हतं. पोरगा तासाभरात झोपला. मी नाही झोपलो, माझी बदली होईल म्हणून.

प्राची_७ | रविवार, रात्री १०:०४

नाना __/\__

उगाच_एक | रविवार, रात्री १०:११

यावर विनोद नाही करत.

डॉ_कुंदा | रविवार, रात्री ११:२०

नानांनी पाहिलं ते तलफ आणि भीती एकत्र. निकोटीन तुटल्यावर पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप नाही, कशात लक्ष नाही. अटकेचे पहिले दिवसही तेच. म्हणून पहिल्या रात्री काहीतरी हाताशी हवंच, असं माझं डॉक्टर म्हणून मत. ते तंबाखूच असायची गरज नाही. २ मिलिग्रॅमचं निकोटीन च्युइंगगम आपल्याकडे मिळतं.

व्हेपबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. निकोटीन व्यसन लावतं, पण सिगारेटवाल्याला कॅन्सर प्रामुख्याने जळलेल्या तंबाखूच्या धुराने होतो, आणि व्हेपमध्ये काही जळत नाही. इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या संस्थेने २०१५ साली "सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक" असा अंदाज दिला. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाले. कमी घातक हे मान्य, पण "निरुपद्रवी" म्हणाल तर मी हात वर करते. अमेरिकेत २०१९ साली फुप्फुसाच्या विकाराने लोक दगावले, ते बहुतेक गांजाच्या अर्काच्या भेसळीच्या द्रवाने, त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. अनघाताईंचा स्पाइसचा मुद्दा इथे येऊन मिळतो. नळी निर्दोष असली तरी आत काय भरलंय ते महत्त्वाचं.

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ओलान्झपीन, क्लोझापीन ही मनोविकाराची औषधं घेणारा माणूस सिगारेट ओढत असेल तर धुरामुळे यकृत ते औषध लवकर संपवतं, म्हणून डोस जास्त लागतो. सिगारेट एकदम बंद झाली की त्याच डोसने रक्तातलं औषध वाढतं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही, त्यामुळे व्हेप दिला तरी डोस तपासावाच लागतो. तुरुंगात अशी औषधं घेणारे थोडे नसतात.

अनघा_यॉर्कशायर | सोमवार, सकाळी ७:१५

@डॉ_कुंदा, अगदी! बंदी आली त्या महिन्यात आम्ही नुसती रक्तं काढत होतो. माणसं दिवसा पेंगायची आणि विंगचे अधिकारी म्हणायचे, "बघा, बंदीने किती शांत झालेत."

बंडू_बेळगाव | सोमवार, सकाळी ८:४०

अवांतर: माझे आजोबा आणीबाणीत मिसाखाली आत होते. जन्मात कधी विडीला शिवले नाहीत. आजीला पत्र आलं, "पुढच्या भेटीला विडीचं बंडल आण." आजीने दोन दिवस जेवण टाकलं, संघाचा माणूस तुरुंगात बिघडला म्हणून. भेटीत कळलं की बंडलाच्या बदल्यात एक जन्मठेपवाला त्यांचं धोतर धुऊन देत होता. नाना म्हणतात ती नोट.

उगाच_एक | सोमवार, सकाळी ८:४४

आजीने मग बंडल नेलं का?

बंडू_बेळगाव | सोमवार, सकाळी ८:५९

नेलं. पण आधी देवापुढे ठेवलं.

खडूस_खानदेशी | सोमवार, सकाळी ९:३०

धाग्यात सगळीकडे ‘कैदी’ लिहिलंय. खात्याच्या कागदात ‘बंदी’ असतं. आणि इथे ‘बंदी’ म्हणजे मनाई असंही लिहिलंय. "बंद्यांना बंदी" असं वाक्य कधी येतंय याची वाट बघतोय.

ॲडमिन | सोमवार, सकाळी ९:४५

कृपया मूळ विषयावर या. (आजींचा किस्सा मात्र राहू द्या.)

आकडेमोड | सोमवार, दुपारी ३:००

मूळ विषयावर येतो. माझ्या मते आपल्याकडे हा प्रश्नच चुकीचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ होते ३.८ टक्के. चघळणारे, मशेरी लावणारे, म्हणजे धूरविरहित तंबाखूवाले, २४.४ टक्के. इंग्लंडच्या तुरुंगात प्रश्न धुराचा होता, म्हणून वाफेने सुटला. आपला प्रश्न गालातला आहे. बार भरणाऱ्याला व्हेप देऊन काय होणार? तो व्हेपही मळायला बघेल.

आणि आत आहेत कोण? २०२२ च्या अखेरीस देशातल्या कैद्यांत ७५.८ टक्के कच्चे होते. तुरुंग क्षमतेच्या १३१.४ टक्के भरलेले. "शिक्षा म्हणजे सोडावं लागलं पाहिजे" असं सातारीभाऊ म्हणतात, पण चारातल्या तिघांना अजून शिक्षाच झालेली नाही. त्यांनी कशाबद्दल सोडायचं?

सातारी_तडका | सोमवार, रात्री ८:२५

आकडे वाचले. नानांचंही वाचलं, दोनदा.

मी चिडून का लिहिलं ते सांगतो. माझ्या चुलतभावाला रस्त्यात एका दारुड्याने गाडीखाली घेतलं. खटला सहा वर्षं चालला. शिक्षा लागली आणि थोड्या दिवसांनी गावात कुणीतरी सांगत आलं, तो आत मजेत आहे, त्याला सगळं मिळतं. खरं-खोटं देव जाणे. पण काकूंनी ते ऐकलं. काकू अजून गेलेल्या लेकाच्या वाट्याची भाकरी वेगळी काढतात. त्यामुळे "कैद्याच्या हातांचं काय करू" हे वाचलं की माझ्या डोळ्यापुढे काकूंचे हात येतात. तुमच्या धाग्यात त्यांना जागा नाही, एवढंच.

पहारेकऱ्याला धूर नको, हे मान्य. पहिल्या रात्रीचं पोरगं, मान्य. कच्च्या कैद्यांचंही मान्य. स्ट्रॉबेरी मात्र मान्य नाही.

अनघा_यॉर्कशायर | सोमवार, रात्री ९:१०

सातारीदादा, यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि शोधतही नाही. काकूंना नमस्कार सांगा.

फ्लेवरचं मात्र तुमच्या बाजूने मत टाकते. निकोटीन लागतं त्याला साधा तंबाखूचा वासही चालतो. स्ट्रॉबेरी कशासाठी लागते हे मलाही कळलेलं नाही.

हेमंत_ग्लासगो | सोमवार, रात्री ९:४८

स्ट्रॉबेरीच्या बाजूने एक मत. ज्या माणसाने आठ वर्षांत ताजं फळ क्वचित पाहिलंय त्याला निदान वास तरी. (पळतो आता.)

निवृत्त_नाना | मंगळवार, सकाळी ६:३०

सातारीसाहेब, तो आत मजेत असेल असं मला ३१ वर्षांच्या अनुभवावरून वाटत नाही. पण काकूंना हे सांगायला जाऊ नका.

अनघाताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर. तुमच्याकडे द्या, प्लग आहे, दोघांची कोठडी आहे. पण विकणारा आणि सोडवणारा वेगळा ठेवा, दाजी बरोबर बोलले. आमच्याकडे व्हेप नको. आमच्याकडे पहिल्या रात्री दवाखान्याचा माणूस द्या आणि त्याच्याकडे कुंदाताई म्हणतात ते च्युइंगगम द्या. म्हणजे शिपायाला चंची काढावी लागणार नाही.

प्राची_७ | मंगळवार, सकाळी १०:००

नाना, तो पोरगा पुढे काय झाला?

निवृत्त_नाना | मंगळवार, दुपारी १:४०

तीन महिन्यांनी जामीन झाला. बसस्टँडवर एकदा दिसला होता, ओळख दिली नाही. बरोबरच आहे. खाकीतला माणूस ओळखीचा आहे असं चारचौघांत कोण दाखवील?

डेट्रॉइटचा_दाजी | बुधवार, सकाळी ९:१५

आणि अनघाताई, तुमचे ते ६३ वर्षांचे? हातांचं काय केलं त्यांनी?

अनघा_यॉर्कशायर | शनिवार, सकाळी ११:०५

उशिरा लिहितेय. बुधवारी सकाळी त्यांना दुसऱ्या तुरुंगात हलवलं. आमच्याकडे असंच होतं, पहाटे दार उघडतं आणि "सामान भर" म्हणतात. माझी पुढची अपॉइंटमेंट फाइलमध्येच राहिली. फाइल गेली त्यांच्या मागे, पुढची नर्स वाचेल अशी आशा.

काल कॅन्टीनच्या पिशव्या आल्या, त्यात त्यांच्या नावाचीही होती, ऑर्डर आधीची ना. परत पाठवायच्या ढिगात पडली होती. पारदर्शक पिशवी, आतलं दिसतं. चहाच्या पुड्या, दोन नूडल्स, एक शब्दकोड्यांचं पुस्तक. कॅप्सूल नव्हती. सोडली म्हणून, की त्या आठवड्यात पैसे संपले म्हणून, ते पिशवीवरून कळत नाही.

उगाच_एक | शनिवार, सकाळी ११:१२

शब्दकोडं दोन्ही हातांनी सोडवता येत नाही, पण एकाचं तरी काम झालं.

खडूस_खानदेशी | शनिवार, सकाळी ११:३०

‘शब्दकोड्यांचं’ बरोबर लिहिलंय. पहिल्यांदाच.